पुण्याची खोली की हुडकेश्वरहून अप-डाऊन?

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीची बारावी आणि सीईटी झाली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. गुण पाहता हिंगण्याकडे, वानाडोंगरी भागातल्या एका कॉलेजात जागा मिळेल. पुण्यातल्या एका मध्यम कॉलेजातही मिळेल. प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न वर्षाला ७ लाखांच्या आसपास, घरकर्जाचा हप्ता चालू, बँकेत साडेतीन लाखांची ठेव, धाकटा मुलगा नववीत. पुण्याचा हिशेब त्यांनीच मांडून पाठवला: महिन्याला १४ हजार, वर्षाचे १० महिने, ४ वर्षं, एकूण ५ लाख ६० हजार. "एवढं कर्ज काढून पाठवावं, की घरूनच अप-डाऊन करू द्यावं? पोरगी तर पुणेच म्हणते."

ताई, मी ३१ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतरही जून-जुलैत ओळखीपाळखीचे लोक कागदांची फाईल घेऊन घरी येतात. त्यातल्या दहापैकी आठ फाइलींत फीचा हिशेब पैशापैशापर्यंत असतो आणि राहण्याचा हिशेब अंदाजे ठोकलेला असतो. तुमचं पत्र त्याच जातीचं आहे, म्हणून आधी आकड्यांकडेच जाऊ.

सर्वांत आधी फी बाजूला काढा. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी नागपूरला मिळते तशीच पुण्यालाही मिळते. म्हणजे तुमच्यापुरती दोन कॉलेजांच्या फीची तुलना जवळपास निकालात निघते. विकास शुल्क आणि किरकोळ आकार तेवढे दोन्हीकडे भरावे लागतील. मात्र जागा कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून मिळालेली हवी. व्यवस्थापन कोट्यातली जागा असेल, किंवा कॉलेज म्हणून जे तुम्ही समजताय ते खरं तर खासगी किंवा अभिमत विद्यापीठ असेल, तर माफी नाही. पुण्याकडे नावांत "विद्यापीठ" बरंच आढळतं आणि हल्ली नागपुरातही आढळू लागलंय. सीईटी कक्षाच्या यादीत त्या संस्थेचा कोड आणि प्रकार पाहून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे. न केल्यामुळे लाखांत फसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता राहण्याचा खर्च. तुमचे १४ हजार मला पटतात: तिघींत एक फ्लॅट घेऊन खोलीचे साडेसहा हजार, मेसचे साडेतीन, नाश्ता-चहा आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते त्या जेवणाचे दीड, जाण्यायेण्याचे हजार, बाकी मोबाइल, धुणं, औषध, झेरॉक्स. चूक आहे ती गुणाकारात. मेस १० महिन्यांची धरता येते, खोलीचं भाडं १२ महिने चालतं. उन्हाळ्यात पोरगी घरी आली म्हणून मालक भाडं सोडत नाही आणि सोडलीच खोली, तर ऑगस्टमध्ये नवी शोधताना डिपॉझिट पुन्हा भरा. म्हणजे ७८ हजार भाड्याचे, ७५ हजार बाकीचे, वर्षातून चार वेळा घरी येण्याजाण्याचे १२ हजार. झाले १ लाख ६५ हजार, तेही पहिल्याच वर्षाचे. दुसऱ्या वर्षी भाडं वाढतं, मेस वाढते. मी दरवर्षी ७ टक्के वाढ धरतो. चार वर्षांची बेरीज होते ७ लाख ३३ हजारांच्या जवळ. डिपॉझिट, गादी, बादली, टेबल, पंखा असं पहिल्या आठवड्यातलं ३० हजारांचं सामान टाका. एकूण ७ लाख ६० हजारांच्या पुढे. तुमच्या आकड्यापेक्षा २ लाख जास्त.

प्रवासाचे ते १२ हजारही दिवाळीत घात करतात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं आणि पुण्यात शिकणारं-कमावणारं अर्धं विदर्भ त्याच सकाळी मोबाइल घेऊन बसलेलं असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तरी सणाच्या आठवड्यात जागा मिळेल या भरवशावर राहू नका. तिकीट नाही मिळालं की ट्रॅव्हल्स, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी ट्रॅव्हल्सवाला जो दर सांगेल तोच दर.

घरून करायचं तर? बस-मेट्रो-ऑटो मिळून महिन्याला अडीच हजार, कँटीन वगैरे दीड हजार. वर्षाचे ४० हजार, वाढ धरून चार वर्षांचे १ लाख ८० हजार. घरच्या जेवणाचा खर्च मी मुद्दाम धरत नाही. चार माणसांच्या स्वयंपाकातली चौथी पोळी वेगळी मोजायची नसते. लॅपटॉप दोन्हीकडे लागेल, तोही सोडा. फरक उरतो ५ लाख ८० हजारांचा. तुमचा खरा प्रश्न एवढाच आहे: पुण्यात राहण्यासाठी ५ लाख ८० हजार द्यायचे का?

ते कर्जाऊ घेतले तर काय होतं, हे टेबलापलीकडून सांगतो. अभ्यासाचा काळ आणि वर नोकरी शोधायला एक वर्ष, एवढी हप्त्यातून सूट असते. लोक याला "बिनव्याजी" समजतात. एक गृहस्थ पाचव्या वर्षी पासबुक घेऊन आले होते आणि माझ्याशी भांडले, की मी एक पैसा जास्तीचा उचलला नाही आणि तुम्ही कर्ज वाढवलं कसं! सूट हप्त्याला असते, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सूटकाळात ते सरळव्याजाने चढतं, एवढीच दया. दरवर्षी १ लाख ४५ हजार उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर सूटकाळ संपेपर्यंत २ लाख ३ हजार व्याज होतं. ५ लाख ८० हजारांचे ७ लाख ८३ हजार झाले. १० वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना १० हजार ३५० रुपयांच्या घरात, आणि फिटेपर्यंत बँकेत जाणारी रक्कम १२ लाखांच्या वर. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेलात तर काही बँका दरात एक टक्का सूट देतात. भरता आलं तर जरूर भरा.

कर्ज मिळेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण सांगतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. ४ लाखांच्या वर गेलं की ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. कॉलेजच्या वसतिगृहाची फी असेल तर बँक कॉलेजच्या खात्यात पैसे भरते, सोपं काम. बाहेरच्या खोलीचं भाडं आणि मेस हेही वाजवी प्रमाणात नियमात बसतं, पण ते मॅनेजरच्या मनावर असतं आणि पावत्या मागतात. फीच नाही आणि नुसत्या राहण्यासाठी कर्ज हवं, असा अर्ज समोर आला की मॅनेजरच्या कपाळाला आठी पडते, माझ्याही पडायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्यात विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सूटकाळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. पण ती देशातल्या निवडक, उच्च क्रमांकाच्या संस्थांपुरती आहे; सुरुवातीला त्या ८६० होत्या. तुमच्या मनातलं पुण्याचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते पाहा. शिवाय व्याजाची सवलत शासनाच्या दुसऱ्या शिष्यवृत्तीचा लाभ मिळणाऱ्याला नाही. फी माफ झालेल्या मुलीने त्या ३ टक्क्यांवर बेत आखू नये.

बाहेर राहणाऱ्यांसाठी राज्याच्या निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, त्याही पाहिल्या. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांना पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे, त्यामुळे तुमचं घर त्यात बसत नाही. हे वाचणाऱ्या इतर कुणाचं बसत असेल तर त्यांचं गणित पूर्ण उलटं होऊ शकतं. गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतल्या गावातून येणाऱ्या मुलाला नागपूर हेच परगाव. त्याने दूर राहावं की नाही हा वादच नाही, राहावंच लागतं; त्याच्यासाठी हे ६० हजार म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष. फक्त पैसे उशिरा येतात. पहिले पाच-सहा महिने पदरचे घालायची तयारी ठेवूनच निघावं आणि आधार कार्ड बँकखात्याला जोडलेलं आहे ना, हे अर्ज भरण्याआधी तपासावं.

आता ज्या गोष्टीने मला तुमच्या पत्रात थांबवलं, ती. धाकटा नववीत. मुलगी तिसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा तो अकरावीत असेल. पुण्याच्या खोलीचं वाढलेलं भाडं आणि नागपुरातल्या क्लासची फी एकाच जूनमध्ये येणार. मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल त्याच वर्षी तो कॉलेजात जाईल. त्याला मुलींसारखी पूर्ण माफी नाही, निम्मं शिक्षण शुल्क घरातून जाईल. पुढच्या वर्षी मुलीच्या कर्जाचा हप्ता सुरू होईल. तो तिने भरायचा असं सगळे म्हणतात. पण पहिल्या नोकरीच्या पगारातून पुण्यातलं भाडं, मेस आणि १० हजार ३५० वजा करून पाहा आणि मग भावाच्या फीला ती किती हातभार लावेल ते ठरवा. साडेतीन लाखांची ठेव आज मोडाल तर त्या चार वर्षांत हाताशी काहीच राहणार नाही.

एवढ्यावरून मी घरूनच शिकवा असं म्हणणार, असं वाटलं असेल. थोडं थांबा. अप-डाऊनलाही किंमत आहे, ती फक्त पासबुकात दिसत नाही.

मी स्वतः काटोलहून नागपूरला अप-डाऊन करून पदवी घेतली, १९८० च्या दशकात. साठेक किलोमीटर. पहाटेची गाडी, कळमेश्वरला डबा गच्च भरायचा, संध्याकाळी परत तीच कसरत. आम्ही पोट्टे त्याला मजा म्हणायचो आणि होतीही. पण दुपारनंतरचा एकही तास मी तीन वर्षांत धडपणे ऐकला नाही, कारण डोळा गाडीच्या वेळेवर. एकदा परीक्षेच्या सकाळी अशी झोप लागली की नागपूर स्टेशन गेलं आणि मी अजनीत उतरलो. ग्रंथालय, खेळ, मित्रांसोबत रात्री बसून एखादं गणित सोडवणं, हे वसतिगृहातल्या मुलांनी केलं, मी नाही. पास मात्र स्वस्त होता. आजही आहे: रेल्वेत विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे, मुलींना तर पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा पास मोफत, एसटीत विद्यार्थ्यांना भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, काटोलहून रोज येणारी शेकडो मुलं त्यावरच शिकतात. पैशाने स्वस्त प्रवास अंगाने महाग पडतो, एवढं लक्षात ठेवा.

तुमचं हुडकेश्वर ते वानाडोंगरी म्हणजे शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. घरून मानेवाडा रोडने छत्रपती चौक किंवा अजनी चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी, बर्डीवर गाडी बदलून लोकमान्य नगर, पुढे ऑटो किंवा कॉलेजची बस. सगळं जुळलं तर सव्वा तास, नाही जुळलं तर पावणेदोन. दोन्ही बाजूंनी मिळून रोजचे तीन तास. मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्गांवर पूर्ण झाल्यापासून मधला टप्पा थंड आणि वेळेवर झाला आहे, एरवी उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत भर दुपारी बसस्टॉपवर उभं राहणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. स्कूटीने रिंग रोडवरून लवकर होईल, पण त्या रस्त्यावरचे ट्रक पाहता पहिल्या वर्षी मी माझ्या पोरीला पाठवलं नसतं.

आणि एक नाजूक गोष्ट, ताई, रागावू नका. मुलगा घरी राहून शिकतो तेव्हा तो शिकतो. मुलगी घरी राहून शिकते तेव्हा ती शिकते, पोळ्या लाटते, पाहुण्यांना चहा करते, मावसबहिणीच्या लग्नात आठ दिवस राबते. "घरीच तर आहे" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. पुण्याला जायचा तिचा हट्ट पुण्यासाठी आहे की घरातल्या या हाकांपासून सुटण्यासाठी, हे तुम्ही तिला एकदा निवांत विचारा. दुसरं असेल तर त्यावर ५ लाख ८० हजारांपेक्षा बराच स्वस्त उपाय आहे.

माझं मत विचाराल तर असं आहे. संस्थेसाठी कर्ज काढावं, शहरासाठी काढू नये. पुण्यात सीओईपी मिळत असेल, मुंबईत व्हीजेटीआय मिळत असेल, कुठलं एनआयटी मिळत असेल, तर मी म्हणेन ठेव मोडा, कर्ज काढा, पाठवा. (आपल्याच अंबाझरीला व्हीएनआयटी आहे आणि एनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, पण त्यासाठी जेईई मेन लागते, ते झालं नसावं असं धरतो.) दोन मध्यम कॉलेजांत, एकाच दर्जाच्या शाखेत, फक्त एक पुण्यात आहे म्हणून पावणेसहा लाख जास्त मोजण्याचं कारण मला दिसत नाही. "पुण्यात कंपन्या आहेत" हे खरं आहे, पण कंपन्या शहरात असतात म्हणून प्रत्येक कॉलेजच्या दारात येत नाहीत. दोन्ही कॉलेजांकडून मागच्या तीन वर्षांत कॉम्प्युटरच्या किती मुलांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या मुलाला किती पगार मिळाला, हे लेखी मागा. सर्वांत मोठ्या पॅकेजचा फलक दोन्हीकडे लागलेला असेल, तो पाहू नका.

शिवाय बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत आता शेवटचं सत्र पूर्ण इंटर्नशिपला देता येतं. वानाडोंगरीच्या कॉलेजात तशी सोय आहे का ते विचारा. असेल तर ती ते सहा महिने पुण्यात काढेल, तेव्हा विशीच्या पलीकडे असेल, हातात थोडाफार भत्ता असेल आणि कंपनी समोर असेल. चार वर्षांच्या भाड्याऐवजी सहा महिन्यांचं.

आणि बाकी वर्षांसाठी मधला रस्ता. पहिली दोन वर्षं घरून. तिसऱ्या वर्षापासून, जेव्हा प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटची तयारी सुरू होते आणि रोजचे तीन तास खरोखर खुपू लागतात, तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात किंवा हिंगणा रोडवर मैत्रिणींसोबत खोली. पुण्याच्या तुलनेत भाडं कमी, रविवारी घरी, आजारी पडली तर तुम्ही तासाभरात तिथे. यासाठी आतापासून महिना ३ हजारांचं आरडी सुरू करा. दोन वर्षांत ७२ हजार आणि वर व्याज जमा होईल. कर्जाची गरजच पडणार नाही, ठेवीला हात लागणार नाही. घरी असताना मात्र तिला एक दार लागणारी खोली द्या आणि संध्याकाळी सात ते दहा तिच्या नावाने हाक मारायची नाही, एवढा करार धाकट्यासकट सगळ्यांनी पाळा.

उलटा प्रयोग मात्र करू नका: आधी पुण्याला पाठवून पाहू, नाही झेपलं तर परत आणू. बँकेत असताना एक फाइल माझ्याकडे होती. पोरगा पुण्याला गेला, दुसऱ्या वर्षी वडिलांचं काम सुटलं, घरून पैसे जाणं थांबलं, तो परत आला. विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा, काही विषय राहिलेले. इथल्या कॉलेजात मधूनच घ्यायला कुणी तयार नाही. पदवी झाली नाही, कर्जाचा सूटकाळ मात्र संपला आणि खातं थकलं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडलं ते बापाचंही, कारण सहकर्जदार तोच. म्हणून पाठवायचंच ठरलं, तर आठव्या सत्राच्या शेवटच्या महिन्याचे पैसे कुठून येतील ते आज लिहून ठेवा.

हे सगळं पसंतीक्रम भरण्याआधी ठरवा. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप कायम होते, मग घरी बसून चर्चा करायला वाव राहत नाही. आणि त्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळी सातला मुलीसोबत घरून निघा, वानाडोंगरीपर्यंत याच मार्गाने जा, घड्याळ लावून, आणि संध्याकाळी पाचला तसेच परत या. रविवारी जाऊ नका, रविवारी बर्डीला बसायला जागा मिळते.